पुडीच्या कागदावरचा शब्द

आमच्या घरात ‘बरं नाही’ असं कोणी म्हणायचं नाही, असा आईचा नियम होता. ताप असेल तर ताप म्हणायचं. पोट दुखत असेल तर कुठे दुखतंय, कधीपासून, ते नीट सांगायचं. शाळा बुडाली की बाईंना द्यायची चिठ्ठी मीच लिहीत असे आणि तिच्यात ‘बरं नसल्यामुळे’ असं लिहिलं की आई ती परत माझ्या हातात द्यायची.

"बरं नाही म्हणजे काय? सर्दी झाली तरी बरं नाही आणि माणूस मरायला टेकला तरी बरं नाही. काय झालंय ते लिही."

आईला जाऊन आता चार महिने झाले. हे मी रोज थोडं थोडं लिहिते आहे. काही दिवस एक वाक्य होतं, काही दिवस तेही खोडलं जातं. माझं सगळं आयुष्य पुस्तकांच्या सोबतीत गेलं, एका कॉलेजच्या ग्रंथालयात, त्यामुळे शब्द मिळत नाहीत अशी तक्रार मला करता येणार नाही. तक्रार दुसरीच आहे, आणि ती सांगायची तर आजीपासून सुरुवात करावी लागेल.

आजी म्हणजे आईची आई. ती कोकणात, मामाजवळ राहायची. मी सहा वर्षांची असताना मामाचं एक पोस्टकार्ड आलं. त्यात लिहिलं होतं, ‘आयेक बरा नाय. जमला तर येऊन जा.’ एवढंच. आई तेव्हा घरी बसून शर्टांना काजं-बटणं करायची. कारखान्यातून गठ्ठा यायचा, तो वेळेवर परत द्यावा लागायचा. तिने विचार केला, हा गठ्ठा संपवून जाऊ, आठ दिवसांनी. सहाव्या दिवशी दुसरं कार्ड आलं. त्याचा कोपरा फाडलेला होता. मृत्यूची बातमी असली की कार्डाचा कोपरा फाडून टाकायची पद्धत आहे. आईने ते वाचलंच नाही. कोपरा बघून ती खाली बसली.

त्यानंतर ती मामाशी बोलली नाही. भांडण म्हणावं असं काही झालं नाही, तिने फक्त बोलणं बंद केलं. "एक धड शब्द लिहिला असता तर मी गठ्ठा उकिरड्यावर टाकून गेले असते," असं ती कधीकधी म्हणायची, कोणाला उद्देशून नव्हे, सुईत दोरा ओवताना. दरवर्षी आजीच्या तिथीच्या आधी मामाचं बोलावण्याचं कार्ड यायचं. आई ते हातात घेऊन थोडा वेळ उभी राहायची, मग तांदळाच्या डब्यामागे सरकवून द्यायची. उत्तर बाबा लिहायचे: रजा मिळत नाही, येणं जमत नाही.

आम्ही तेव्हा जोगेश्वरीला, पूर्वेला, लेण्यांच्या अलीकडच्या चढावर एका चाळीत राहत होतो. बाबा साकीनाक्याच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर होते. त्यांच्या कपड्यांना तेलाचा वास यायचा आणि नखांत लोखंडाचा बारीक कीस असायचा. मी एकुलती होते. माझी स्वतःची अशी मालमत्ता म्हणजे पुड्यांचे कागद.

वाण्याकडून डाळ, साखर, शेंगदाणे काहीही आणलं तरी ते वर्तमानपत्राच्या कागदात यायचं. डब्यात ओतून झालं की तो कागद माझा. मी तो हाताने सपाट करायची, त्यातली साखर झटकायची, वाचायची आणि गादीखाली ठेवायची. त्यांत मला लांबलचक शब्द सापडायचे. प्रतिपादन. निःसंदिग्ध. अभूतपूर्व. हाहाकार. एकेक शब्द मी दिवसभर तोंडात घोळवायची आणि संधी मिळाली की कोणावर तरी वापरायची. पण पुडी करताना वाणी पान आडवंतिडवं फाडायचा, त्यामुळे माझी वाक्यं नेहमी अर्धी असत. कोणी काय प्रतिपादन केलं, हाहाकार पुढे थांबला का, हे मला कधी कळायचं नाही. शब्द मिळायचे, त्यांचं पुढे काय झालं ते मिळायचं नाही. मला त्याची अडचण वाटत नसे. उरलेला अर्थ मी स्वतःच बसवायची.

"शेंगदाणे विपुल प्रमाणात द्या," असं मी एकदा वाण्याला सांगितलं.

"विपुल म्हणजे किती गं? पावशेर का अर्धा?"

मी म्हटलं, "पावशेर." दुकानातल्या बायका हसल्या. मला वाटलं, कौतुकाने हसल्या.

सार्वजनिक नळावर मी ‘आज पाणी अत्यल्प आहे’ असं म्हणायची, आणि खेळताना कोणी ढकललं तर ‘हे निषेधार्ह आहे’. मुलं ‘निषेधार्ह, निषेधार्ह’ करत माझ्यामागे पळायची. आमच्या शेजारच्या खोलीत जालन्याकडच्या एक मावशी होत्या. त्या मला नावाने हाकच मारत नसत.

"ए बातम्या, इकडं ये. आमच्या घरातलं मीठ संपलंय, तेवढं जाहीर कर तुझ्या आईकडं."

"मावशी, मीठ उपलब्ध आहे. वाटी आणा."

"बघा, उपलब्ध आहे म्हणती. वाटी पण आम्हीच आणायची!" आणि हसत हसत त्या वाटी घेऊन यायच्या.

आईला हे आवडायचं की नाही, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. ती स्वतः चौथीपर्यंत शिकलेली. मी काही भारदस्त बोलले की ती सुई थांबवून माझ्याकडे बघायची आणि विचारायची, "म्हणजे काय?" मी लगेच अर्थ सांगायची. ठाऊक असला तरी सांगायची आणि नसला तरी सांगायची. ‘मला माहीत नाही’ असं मी आईला एकदाही म्हटलं नव्हतं. ती मान हलवायची आणि पुन्हा बटणाकडे वळायची. तिला माझा शब्द खरा वाटायचा.

मी दहा वर्षांची होते त्या वर्षी पावसाळा संपल्यावर आईला ताप आला. चार दिवस उतरला नाही तेव्हा बाबा तिला गल्लीतल्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. रक्त तपासलं. विषमज्वर निघाला. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, पण तीन आठवडे अंथरुणावरून उठायचं नाही, पाणी उकळून, खायला पेज. बाबा ‘टायफॉइड’ म्हणत होते. मी सगळ्यांना ‘विषमज्वर’ सांगत फिरले. हे लिहायला मला लाज वाटते, पण लिहिलं पाहिजे: त्या शब्दाचा मला आनंद झाला होता. आमच्या घरात प्रथमच एवढ्या मोठ्या नावाचं काही आलं होतं.

त्याच आठवड्यात मामाचं बोलावण्याचं कार्ड आलं. बाबा डबा घेऊन निघायच्या घाईत होते. ते दारातूनच म्हणाले, "मामाला उत्तर टाकून दे आज. लिही, तिची तब्येत ठीक नाही, यंदा जमणार नाही. एवढंच लिही."

मी कोरं कार्ड घेऊन बसले. ‘तब्येत ठीक नाही’ हे मला ‘बरं नाही’च्याच जातीचं वाटलं. आईने असं कार्ड माझ्या तोंडावर परत फेकलं असतं. एक धड शब्द हवा होता. मी गादीखालचे कागद काढले. तूरडाळीच्या पुडीचा एक कागद मला आठवत होता. त्यावर कोणा मोठ्या माणसाची बातमी होती. मोठ्या म्हणजे किती मोठ्या, ते वरच्या फाटलेल्या भागाबरोबर गेलं होतं. उरलं होतं ते असं: ‘यांची प्रकृती अत्यवस्थ असून त्यांना भेटण्यासाठी दूरदूरहून लोकांची’ आणि तिथे कागद संपत होता.

‘अस्वस्थ’ हा शब्द मला माहीत होता. अत्यवस्थ म्हणजे तोच, पण मोठ्या माणसांचा, असं मी ठरवलं. शिवाय तो शब्द लिहिला की लोक भेटायला येतात, हेही त्या कागदावर होतंच. मामाने यावं असं मला त्या क्षणी वाटत होतं का? गेल्या चार महिन्यांत मी हे स्वतःला बऱ्याचदा विचारलं. आई दरवर्षी कार्ड हातात घेऊन उभी राहते, हे मी पाहिलं होतं. यापेक्षा जास्त मला प्रामाणिकपणे सांगता येत नाही.

मी लिहिलं: ‘तीर्थरूप मामांस साष्टांग नमस्कार. विषमज्वरामुळे आईची प्रकृती अत्यवस्थ आहे. सबब आजीच्या तिथीस उपस्थित राहणे अशक्य आहे. कळावे.’ ‘सबब’वर मी खूष होते. संध्याकाळी बाबांनी न वाचता खाली सही केली. माझं अक्षर छान आहे, एवढं म्हणाले. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना मी कार्ड पेटीत टाकलं.

सहाव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास दार वाजलं. बाबा कामावर गेले होते. आईची देखभाल करायला मी शाळेतून सुट्टी घेतली होती. दारात मामा. मी त्याला चार वर्षांनी बघत होते. दाढी वाढलेली, रात्रभर एसटीत बसून सदरा चुरगळलेला, खांद्याला कापडी पिशवी. त्याने चपला काढल्या, पण उंबरा ओलांडला नाही. चौकटीला धरून अगदी हळू आवाजात विचारलं,

"आसा मा गो?"

आहे ना, असं तो विचारत होता. मला त्या विचारण्याचा अर्थ कळला नाही. मी म्हटलं, "आई विश्रांती घेत आहे."

मामाचा चेहरा असा काही झाला की मला वाटलं त्याला चक्कर येते आहे. तेवढ्यात आतून आई खोकली. त्याने डोळे मिटले, सदऱ्याच्या बाहीने चेहरा पुसला आणि आत आला.

आईने त्याला पाहिलं. तिची नजर त्याच्या पिशवीवर गेली. पिशवीतून तुळशीची डहाळी बाहेर आली होती, आणि तिच्याखाली आजीचं हिरवं लुगडं दिसत होतं. ते लुगडं आईने आजीची आठवण म्हणून बाबांकरवी मागितलं होतं आणि न बोलण्याच्या त्या वर्षांत ते तिकडेच राहिलं होतं.

"तू कित्याक इलंस?" आईने विचारलं.

"सहज इलंय."

"सहज?"

"व्हय. बरेच दिस झाले. म्हटला, बघून येवया."

मामाला वाटलं असणार की आईला काही माहीत नाही, आणि तिला कळू द्यायचं नाही. म्हणून तो सहज म्हणाला. पण चार वर्षं न बोललेला भाऊ तुळस आणि लुगडं घेऊन सहज येत नाही. आई पुढे काही विचारायची थांबली. तिने भिंतीकडे तोंड केलं.

त्या दुपारी आईने मला मावशींना बोलवायला सांगितलं. मावशी आल्या. आई पडल्या पडल्याच बोलत होती, एखादी यादी वाचावी तसं.

"तो शर्टांचा गठ्ठा आहे ना, तो तुम्ही घेऊन जा. निम्मी बटणं लावून झालीत. बाकीची तुम्ही करा, कारखान्यात मी सांगितलं म्हणून सांगा."

"अहो, तुम्ही बऱ्या झालात की करालच की."

"आणि हिचे केस कापून टाका. खांद्यापर्यंत. मागे कोण विंचरणार आहे?"

मावशी माझ्याकडे बघायला लागल्या. माझ्या वेण्या कमरेपर्यंत होत्या. मी आईला म्हटलं, "आई, तू उगाच चिंताग्रस्त होते आहेस." तिने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. पेज तशीच राहिली. औषधाची वेळ झाली तेव्हा तिने तोंड घट्ट मिटून घेतलं. मी चमचा धरून उभी राहिले, औषध माझ्या मनगटावर ओघळलं. "आता कशाला ते," आई म्हणाली.

काय झालं आहे ते मला तेव्हा थोडं थोडं दिसू लागलं. पूर्ण नाही. मामा येण्याआधी आई पेज मागून घेत होती, चमचा स्वतःच्या हाताने धरत होती. मामा आला आणि हे सुरू झालं. मामा कार्डामुळे आला. कार्ड मी लिहिलं. एवढी गणितं मला येत होती.

संध्याकाळी बाबा आले. मामाला बघून चकित झाले. मामा त्यांना बाहेर नळापाशी घेऊन गेला. मी पाण्याची बादली घेऊन मागोमाग गेले.

"डाक्टर काय म्हणतत?" मामाने विचारलं. "खरा सांगा माका. मी बापयो माणूस आसंय."

"काय म्हणणार? टायफॉइड आहे. उतार पडतोय. तीन आठवडे लागतील म्हणाले."

"मग ह्या काय?" मामाने सदऱ्याच्या खिशातून कार्ड काढलं. घडी पडून पडून ते मधोमध फाटायला आलं होतं. बाबांनी ते उजेडाकडे धरून वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे बघितलं.

"हा शब्द कुठून आणलास?"

"डाळीच्या पुडीवरून."

"याचा अर्थ ठाऊक आहे तुला?"

"अस्वस्थ. पण... मोठ्या माणसांचं."

मला वाटलं आता मार बसणार. बाबांनी मला कधी मारलं नव्हतं, पण त्यांचा हात उचलला गेला होता. मामाने तो मध्येच धरला. नळाखाली कोणाची तरी बादली भरून वाहत होती.

"अत्यवस्थ म्हणजे आज जातो की उद्या," बाबा म्हणाले. "हे आले ते तिचं तोंड बघायला आले. कळलं? आणि आत ती समजतेय की डॉक्टरने आपल्यापासून काहीतरी लपवलंय." ते थोडं थांबले. "आता तूच जा आणि सांग तिला. मी सांगितलं तर तिला वाटेल मी समजूत घालतोय."

मी आत गेले. खोलीत दिवा लावला. आईजवळ बसले. मनात मी वाक्य तयार केलं होतं, लांबलचक, आणि ते मी म्हटलंही: "आई, पत्रातील एका शब्दामुळे मामांचा गैरसमज झाला आहे. वस्तुतः तुझ्या प्रकृतीत सुधारणा होत आहे."

"कोणी शिकवून पाठवलं तुला?" आई म्हणाली. "बाबांनी?"

"नाही. मीच कार्ड लिहिलं. मी लिहिलं, तुझी प्रकृती अत्यवस्थ आहे."

"म्हणजे काय?"

ती नेहमी विचारायची तसंच तिने विचारलं. तोच प्रश्न. आणि मी तोंड उघडलं तर आतून अर्थ येईना. बाबांनी नुकताच सांगितलेला अर्थ मला तिच्यासमोर म्हणता येईना. मी म्हटलं, "मला माहीत नाही."

आईने मान वळवली. "काय म्हणालीस?"

"मला माहीत नव्हतं. मला वाटलं अस्वस्थ. मला माहीत नव्हतं गं आई." आणि मग मी रडायला लागले, नाक वाहेपर्यंत. मी तो डाळीचा कागद तिच्या हातात दिला. अजून त्यावर पिवळी भुकटी होती. आईने तो डोळ्यांजवळ धरला. एकेक अक्षर लावत वाचला. शेवटी जिथे फाटला होता तिथे बोट फिरवलं.

"पुढचं कुठे आहे?"

"पुढचं नाही. तेवढीच पुडी होती."

आई माझ्याकडे खूप वेळ बघत राहिली. मला वाटतं तिला शब्दाने नाही, माझ्या त्या ‘माहीत नाही’ने पटलं. दहा वर्षांत ते तिने माझ्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. ती कोपरावर टेकून अर्धी उठली आणि म्हणाली, "ती पेज गरम कर." मग दाराकडे बघून हाक मारली, "दादा, थंय नळार काय करतंस? आत ये."

मामा आत येऊन जमिनीवर बसला. आईने पेज संपवली. मग तिने जे विचारलं ते मी लिहून ठेवायला हवं होतं असं नाही, कारण ते मी कधी विसरले नाही.

"आयेच्या वेळेक तुका हो शब्द ठावक नाय होतो?"

मामा जमिनीकडे बघत म्हणाला, "ठावक होतो गो. लिवक हात जावक नाय."

मी दहा वर्षांची होते. शब्द माहीत असून तो लिहायला माणसाचा हात जात नाही, हे मला समजण्यापलीकडचं होतं. मला वाटलं मामा खोटं बोलतोय. आईला मात्र ते खरं वाटलं असावं. ती रडली, मामाही रडला, आणि मी पेजेचं भांडं घासायला घेतलं.

मामा आठ दिवस राहिला. सकाळी तो आईला आधार देऊन दारापर्यंत आणायचा आणि दोघं उन्हात बसायची. आईने ते लुगडं उशीखाली ठेवलं होतं. मावशींनी गठ्ठा परत आणून दिला, सगळी बटणं लावून. "बातम्या, तुझ्यामुळं मला फुकट काम पडलं बघ," म्हणाल्या. मी गठ्ठा आत नेऊन ठेवला. "का गं? आज बातम्या बंद?"

बंदच झाल्या. मी गादीखालचे सगळे कागद बंबात घातले. पुढे मी मराठी घेऊन शिकले, शब्दकोशांच्या रांगेत नोकरी केली, पण माणसांशी बोलताना मी सगळ्यात लहान शब्द शोधू लागले. आजारपणाच्या बाबतीत तर विशेषच. कोणाच्या ऑपरेशनबद्दल सांगताना मी ‘छोटंसं’ म्हणायची. बाबा गेले ते झोपेत गेले, त्यामुळे तेव्हा मला शब्द निवडावा लागला नाही.

आई गेल्या हिवाळ्यात बोरीवलीच्या एका हॉस्पिटलात होती. आम्ही बोरीवलीत राहायला येऊनही आता वीसेक वर्षं झाली. फुप्फुसात पाणी झालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "जवळच्यांना बोलावून घ्या." मी पडद्याआड आईपाशी परत आले आणि त्याच वेळी माझा फोन वाजला. मामाचा होता. तो दर रविवारी फोन करायचा. त्याला ऐंशीच्या वर वर्षं झाली आहेत, गावी मुलाजवळ असतो.

"आई कशी आसा?" त्याने विचारलं.

आई माझ्याकडे बघत होती. नाकाला नळी होती, पण डोळे स्वच्छ होते. ती माझा चेहरा वाचत होती. दारात उभ्या राहिलेल्या भावाच्या पिशवीवरून तिने एकदा स्वतःचं मरण वाचलं होतं, हे मला माहीत होतं. मी तोंड वळवलं आणि म्हटलं, "जरा बरं नाही मामा."

"येव काय मी?"

"एवढी काही घाई नाही. थंडी आहे, एवढा प्रवास तुम्हाला झेपायचा नाही."

फोन ठेवल्यावर आईने विचारलं, "येता काय तो?"

"येतो म्हणाले."

तिने डोळे मिटले. नंतर मला बाहेर जाऊन पुन्हा फोन करता आला असता. मी बाहेर गेलेही. जिन्यापाशी उभी राहून मशीनचा चहा घेतला. मामाचा नंबर काढला, बघितला. पेला टाकला आणि परत आले. तिसऱ्या दिवशी दुपारी आई गेली. तोपर्यंत तिने दोनदा विचारलं होतं, एसटी आली का म्हणून.

मामा मुलाबरोबर आला तेव्हा सगळं उरकलं होतं. दहाव्यापर्यंत तो राहिला. कमी बोलायचा. आईच्या कपाटातून मी ते हिरवं लुगडं काढून त्याला दाखवलं तेव्हा त्याने ते मांडीवर घेतलं आणि हात फिरवत राहिला. जाण्याच्या दिवशी सकाळी आम्ही दोघंच स्वयंपाकघरात होतो. मी चहा गाळत होते. त्याचा आवाज मागून आला, जराही राग नसलेला.

"शब्द ठावक होतो मा तुका?"

मी गाळणं खाली ठेवलं. "होता, मामा."

त्याने मान हलवली. मी कप पुढे केला तो घेतला, पण प्यायला नाही. दोन्ही हातांनी नुसता धरून ठेवला.

"तेव्हा माजोय हात जावक नाय," तो म्हणाला.